राहिलेला शब्द

पेला फुटल्याचा आवाज व्हायला हवा होता. तो झाला नाही.

हार्लन टटलने थंड चहाचा पेला बोलता बोलता छातीच्या उंचीवर हवेत सोडून दिला होता आणि त्याच हाताने तो कालव्यावरचे पेलिकन दाखवत होता. त्याच्या बायकोने, लोर्नाने, मान खाली घातली. मी निग्रहाने पक्ष्यांकडेच पाहत राहिलो. बऱ्याच वेळाने ओसरीच्या फळ्यांवर हलकासा स्पर्श झाला, मांजराने पलंगावरून उतरावे तसा. मी पाहिले तेव्हा पेला उभा होता. चहा सांडला नव्हता.

अंतराळातून परतलेला प्रत्येक जण ही चूक करतो. तिथे चमचा हवेत ठेवला की हवेतच राहतो. घरी आल्यावरही हात तीच सवय पाळतो. माझ्या हातून मुलीच्या वाढदिवसाचा केक असाच गेला होता. ह्यूस्टनच्या या भागातल्या बायका नवरा परतायच्या आधी प्लास्टिकचे पेले आणून ठेवतात, आणि आम्ही एकमेकांना त्यावरून चिडवतो. दोन-तीन आठवड्यांत देहाला जमीन आठवते. हार्लन एप्रिलमध्ये परतला होता. आता ऑगस्ट होता.

नेब्रास्कातल्या मक्याच्या शेतावर वाढलेला हा माणूस. वडिलांच्या फवारणीच्या विमानात उडायला शिकला, नौदलात वैमानिक झाला, अंतराळवीरांच्या निवडीत दोनदा नाकारला गेला आणि तिसऱ्यांदा आमच्यात आला. चालणे असे जड, की आम्ही विचारत असू, ‘टटल, तू चालतोस की खांब रोवतोस?’ तो म्हणे, शेतकऱ्याच्या पोराला जमिनीनं ओळखलं पाहिजे.

त्याच्या या तिसऱ्या उड्डाणाच्या वेळी मी जमिनीवर होतो, रेडिओपाशी. यानाशी आमच्यापैकीच एकाने बोलायचे, हा आमचा रिवाज. यानाबाहेर काम करणाऱ्याच्या कमरेला दोन दोऱ्या असतात. एकीचा आकडा काढून पुढच्या दांडीला लावायचा, मगच दुसरीचा. आणि प्रत्येक वेळी मोठ्याने सांगायचे: काढला, लावला. मी ऐकायचे आणि तोच शब्द परत म्हणायचा. जपासारखे चालते ते.

पृथ्वीच्या सावलीत, पॅसिफिकवर, दुसऱ्या दोरीबद्दल तो काही बोलेनासा झाला होता; ती लावलेली आहे की नाही, मला ठाऊक नव्हते. मी विचारणार, एवढ्यात पहिल्या दोरीसाठी त्याचा आवाज आला, “काढला.” मी म्हणालो, “काढला.” मग रेडिओ गेला. तसा तो अधूनमधून जातोच. परत आला तेव्हा हार्लन यानाच्या आत होता, दार लागलेले होते, काम पूर्ण झाले होते. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी मात्र कानाला यंत्र लावून बसून राहिलो, जिन्याची शेवटची पायरी पायाला लागू नये तसा.

पेला सुटला त्या दुपारी लोर्नाने मला बोलावले होते. रस्त्यापासून त्यांच्या दाराशी येऊन पुढे कालव्यापर्यंत शिंपल्यांच्या चुऱ्याची वाट आहे. माझी पावले त्यावर एवढी कुरकुरली, की घंटी वाजवण्याआधीच तिने दार उघडले. स्वयंपाकघरात भेंडी चिरता चिरता ती हलक्या आवाजात सांगत राहिली. सुरुवातीला सगळे फुटायचे. मग कमी फुटू लागले. आता तिने झाडू आत ठेवून दिला होता. झोपताना ती त्याच्या कमरेच्या पट्ट्यात बोटे अडकवून ठेवते. तिने मनगट पुढे केले. निळ्या वळावर वळ होते, आणि ओढ वरच्या दिशेची होती.

“तुझ्याशी तो खोटं बोलत नाही,” ती म्हणाली. “मी सोडणार नाही रे त्याला. पण मी कोणाला धरून ठेवतेय, एवढं मला कळू दे.”

म्हणून मी ओसरीवर बसलो होतो. म्हणून ती सुरी खाली ठेवून आमच्यात येऊन बसली होती.

“बेहरेन्स,” हार्लन म्हणाला, “जेवायला थांबणार आहेस, की नुसताच माझ्या खुर्चीवर घाम गाळणार?”

“तुझ्या हातचं मांस खाऊन मागच्या वेळी चार दिवस आडवा होतो मी.”

तो हसला. ते त्याचेच हसणे होते. उजवा दात किंचित पुढे. मला फार बरे वाटले. त्या बऱ्या वाटण्याच्या आधारानेच मी विचारले.

“त्या दिवशी तू ‘काढला’ म्हणालास. पुढचा शब्द माझ्यापर्यंत आला नाही.”

त्याने माझ्याकडे पाहिले. फार दुरून येणाऱ्या आवाजाची वाट पाहणारा माणूस पाहतो, तसे. माझे ओठ केव्हाच मिटले होते.

वारा पडला होता. कालव्यात कुणाच्या तरी होडीची साखळी वाजली.

“हार्लन, लावला होतास ना?”

लोर्नाचा हात त्याच्या पट्ट्याकडे गेला. त्याने तो हळुवारपणे सोडवला, तिच्या मांडीवर ठेवला, क्षणभर तसाच दाबून धरला.

मग तो उठला, ओसरी उतरला आणि शिंपल्यांच्या वाटेने पाण्याकडे चालू लागला. मागे न पाहता.

लोर्ना डोळे मिटून, मान कलती करून बसली होती. त्याच्या पावलांखाली शिंपले वाजायची वाट पाहत.