पाण्याखालची शिट्टी

ही ऐकीव गोष्ट नाही. स्टॉपवॉच घेऊन काठावर मीच उभा होतो.

मार्च महिना, दुपारचे अडीच. तलाव दोन तास बंद असतो, तेव्हा आम्हाला सरावाला देतात.

माझी धाकटी बहीण ब्रेस्टस्ट्रोक पोहते. वय अठ्ठावीस, दोन्ही गुडघे कामातून गेलेले. राष्ट्रीय संघ तीनदा थोडक्यात हुकला. ही निवड चाचणी शेवटची, आणि नेमके जानेवारीत तिचे सर गेले. हार्ट अटॅक.

दहाव्या वर्षापासून ते तिला शिकवत. ती पोहायची, ते काठाने चालत शिट्टी वाजवायचे. शिट्टी वाजली की डोकं वर, श्वास, पुन्हा खाली. अठरा वर्षं हेच.

त्या दुपारी ती मधेच थांबली.

"दादा, शिट्टी तू वाजवलीस?"

"माझ्याकडे कुठली शिट्टी?"

"मग पाण्याखाली..."

बोलता बोलता ती हसली. सर गेल्यापासून पहिल्यांदाच.

पन्नास मीटरला तिला बावीस स्ट्रोक लागायचे. त्या आठवड्यात वीस झाले. मग अठरा.

टायमिंगही सुधारत होतं. कमी स्ट्रोक म्हणजे पाण्यात लांब सरकणं. आम्ही खुळ्यासारखे खूश! मी आईला फोन करून सांगितलं, "या खेपेला आपली म्हातारी संघात जाणार बघ."

सोळा...

चौदा...

त्या दिवशी तिचे ओठ निळे पडले होते.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. एका स्ट्रोकला एकच श्वास. स्ट्रोक घटले, तसे श्वासही घटले होते.

दुसऱ्या दिवशी ती पोहत असताना मी कपड्यांसकट पाण्यात उतरलो. डोकं बुडवलं.

शांतता...

मग शिट्टी. अगदी कानाशी. सरांचीच, शेवटी जराशी फाटणारी.

पुढची आली ती उशिरा. त्यानंतरची आणखी उशिरा.

डोकं वर काढलं. काठावर कुणी नव्हतं.

चाचणीत ती पहिली आली. अकरा स्ट्रोक. लोक टाळ्या वाजवत होते आणि तिला दोघांनी धरून बाहेर काढलं.

घरी मी अक्षरशः हात जोडले. "बस झालं गं. शिट्टीची वाट बघू नकोस. श्वास घे."

"शिट्टीशिवाय मी चौथी येते, दादा. तुला माहितीये."

"आणि वाजलीच नाही तर?"

"सर वाजवतील. तोपर्यंत थांबेन."

मुख्य स्पर्धा रविवारी आहे. संघाच्या डॉक्टरांना फोन लावला होता... रिंग गेली आणि मीच कट केला. तिचं नाव यादीतून जाईल, ही भीती. लाज वाटते लिहिताना.

आज नऊ स्ट्रोक झाले.

मी काठाने धावत ओरडत होतो, "वर ये! अगं, वर ये!"

घसा बसलाय. पाण्याखाली माझा आवाज तिच्यापर्यंत पोचतच नाही.