पायवाटेवरचा चोर

"मॅडम, परत झालं! पायवाटेवर बाईला लुटलं. शिफ्टला चालली होती बिचारी. मंगळसूत्र गेलं, बांगड्या गेल्या. आता तरी डोळं उघडा!"

फोनवर कुरुळीचा रणजीत होता. आवाज असा चढलेला, की जणू चोरी फौजदार साधना खरमाळेनंच केली होती. सकाळ नुकती उजाडत होती. तिनं चहा तसाच ठेवला आणि गाडी काढली.

रणजीतच्या बापजाद्यांच्या शेतात आता त्याच्या भाड्याच्या खोल्या होत्या. तिथून हायवेपर्यंत, त्याच्याच मोकळ्या रानातून, जुनी पायवाट जायची. कंपन्यांच्या बस हायवेवर थांबत, आणि खोल्यांतल्या बाया याच वाटेनं कामाला जात. अलीकडे मात्र वाटेचं नाव निघालं, की माणसं आवाज खाली करत. इथं हिला अडवलं, तिथं तिची पर्स ओढली. रणजीतनं तर 'महिलांनो, सावधान!' असा फ्लेक्सच लावला होता. आज भैरोबाच्या देवळात बैठक होती. वाट बंद करून भिंत घालायची, असं त्यानं गावापुढं मांडलं होतं.

"लोकच म्हणतायत तर होऊ द्या," ठाण्यातल्या साहेबांनी साधनाला आधीच बजावलं होतं. "वाट बंद, कटकट बंद."

या बोलण्यानं तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. चोर सापडेना म्हणून बायकांचं चालणं बंद करायचं? वा रे न्याय!

लुटलेली बाई वाटेच्या कडेला बसली होती. दिपाली तिचं नाव. खोल्यांत नवीनच आलेली. तिचा नवरा अजिंक्य रणजीतचा टेम्पो चालवायचा. शेजारी रणजीत, आणि मागं त्याची म्हातारी आई गोजाबाई, तोंडाला पदर लावून उभी.

"कुठं निघाला होता?" साधनानं विचारलं.

"कंपनीत. मोटारीचे दिवे बनवतात तिथं. या आठवड्यातच लागलेय."

"चोर कसे होते?"

"गाडीवर दोघं. तोंडाला रुमाल. मागून येऊन मंगळसूत्र ओढलं, मग सुरी दाखवून बांगड्या काढून घेतल्या."

"खरं सोनं होतं?"

"खरं हो! लग्नातलं." दिपालीला हुंदका आला. तो खोटा नव्हता, एवढं साधनाला कळलं.

"गळा दाखवा बरं."

गळ्यावर साधा ओरखडाही नव्हता. "नशीब तिचं, लागलं न्हाई," रणजीत घाईनं म्हणाला.

साधना वाटेवरून हायवेपर्यंत चालत गेली. रानात पांढऱ्या फक्कीच्या रेघा मारलेल्या होत्या. भिंतीची आखणी असेल, असं तिला वाटलं. पण रेघ वाटेच्या कडेनं जात नव्हती. ती वाट ओलांडून पलीकडे गेली होती आणि चारी बाजूंनी फिरून परत येत होती.

तिथून ती वर्षालीच्या खोलीवर गेली. वर्षाली लातूरकडची, त्याच दिव्यांच्या कंपनीत कामाला. या आठवड्यात दुसरी शिफ्ट, म्हणून घरीच होती.

"आधी कुणाकुणाला लुटलं?"

"ऐकलंय बऱ्याच जणींचं."

"एक तरी नाव सांगा."

वर्षालीनं आठवून पाहिलं. "नाव कुणालाच ठाऊक नाही बघा. आम्ही म्हणतो पलीकडच्या चाळीतली, ते म्हणतात आमच्या चाळीतली."

बोलता बोलता तिची तयारी चालली होती. तिनं बांगड्या उतरवल्या, मंगळसूत्र तांदळाच्या डब्यात खुपसलं, गळ्यात काळा दोरा अडकवला.

"वाट बंद झाली तर?"

"वळसा घालून जाईस्तोवर बस निघून जाती. काम गेलं की नवरा म्हणणार, चल गावाकडं." तिनं डब्याचं झाकण दणकन लावलं. "भांडून इथं कामाला लागलेय, मॅडम. भिंत घातली तर भिंतीवरून उडी मारीन, पण जाईन!"

साधनाला मनापासून हसू आलं. निघताना तिनं डब्याकडे बोट दाखवून एकच प्रश्न विचारला. उत्तर ऐकलं आणि तडक कंपनीचं गेट गाठलं.

दुपारी देवळात माणूस मावत नव्हतं. रणजीत हात जोडून बोलत होता, "आयाबहिणींच्या अब्रूचा सवाल हाय!"

"आहेच," साधना पुढे आली. "म्हणून चोराला घेऊन जायला आलेय. रणजीतभाऊ, तुम्ही चला."

देवळात एकच गलका उठला.

"दिपाली कंपनीत जात नाही. गेटवरच्या नोंदीत तिचं नावच नाही," साधना म्हणाली. "पण ती खोटं सांगतेय हे मला त्याआधीच कळलं. वर्षाली, कामाला जाताना सोनं का काढून ठेवता?"

"आत कुणी घालूच देत नाही. दिव्याच्या काचेवर चरा पडतो, मशीनमध्ये अडकलं तर हात जातो. गेटवरच सगळं उतरवायला लावतात. म्हणून आम्ही घरीच ठेवून जातो."

"शिफ्टला निघालेल्या बाईच्या अंगावर सोनंच नसतं. मग चोर ओढणार काय? कंपनीतल्या बाईनं ही गोष्ट रचली असती, तर ती अशी चुकली नसती. ही रचली ती शिफ्टच्या बायांकडून भाडं घेणाऱ्यानं, त्यांच्याकडे कधी नीट न बघणाऱ्यानं."

"मी कशाला रचू?" रणजीत ओरडला.

"गोडाऊनसाठी. फक्कीच्या रेघा भिंतीच्या नाहीत, अख्ख्या इमारतीच्या आहेत, आणि मधून ही वाट जाते. जुनी वहिवाट तुम्हाला मोडता येत नव्हती. म्हणून आधी अफवा उठवल्या. आमच्याकडे एकही तक्रार नव्हती! लोकांनी भिऊन स्वतःच वाट सोडावी, एवढंच तुम्हाला हवं होतं. दिपाली, आता तरी बोला."

"ऐकलं नाही तर खोली खाली करा म्हणाले, ह्यांचं काम जाईल म्हणाले," दिपाली रडत उठली. "माझं मंगळसूत्र, बांगड्यासुद्धा काढून घेतल्या त्यांनी."

"माझ्या ट्रंकंत हाय ते समदं," गोजाबाई खणखणीत आवाजात म्हणाली. "सकाळी ह्यानंच ठिवाय दिलं. कुणाचं म्हनून इचारलं, तर माझ्यावरच डोळं वटारलं. पोरी, चल घरला, तुझं तुला देते."

रणजीतचं तोंड उतरलं. तरी साधनासोबत आलेल्या शिपायानं दंड धरल्यावर तो फणकारलाच. "आज मी होतो म्हनून निभावलं. उद्या खरंच एखादीला लुटलं, मग?"

साधना बोलणार, तोच वर्षाली पुढे झाली.

"मग चोराला धरा की! आम्हाला कशाला कोंडता?"

हायवेवर दुसऱ्या शिफ्टच्या बसनं हॉर्न दिला. वर्षालीनं जेवणाचा डबा उचलला. बाया भराभरा उठल्या आणि ठरावाची वाट न बघता रानातल्या पायवाटेनं चालू लागल्या.