सातव्या वाटेवरचा बाक

पटलं तर घ्या, नाहीतर द्या सोडून. कुणाला पटवत बसायची मला हौस नाही.

पण घडलंय खरं. आणि रात्री नाही, भर दुपारी. भुताला अंधार लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी खुशाल दिवा लावून झोपावं. गुरुवार होता. साडेतीन वाजले होते. ऊन स्वच्छ होतं आणि खोऱ्यातले तिन्ही तलाव काठोकाठ भरले होते.

ज्यांच्या बाबतीत घडलं ते आमचे दाजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मी सांगतोय ते ताईच्या तोंडून ऐकलेलं, आणि ताई तिखटमीठ लावून सांगणाऱ्यातली नाही.

दाजींनी एक पुस्तिका लिहिली होती. आमच्या खोऱ्यातल्या बारा सोप्या वाटा. जंगलातून, माळावरून, तलावांच्या कडेने. डबा घेऊन निघावं आणि चहाच्या वेळेला घरी यावं, अशा. हातोहात खपायची.

आणि ज्यांच्यासाठी लिहिली, त्यांचाच दाजींना तिटकारा.

"मेंढरं आहेत," म्हणायचे. "चपला घालून जंगलात येतात. डावीकडे वळा लिहिलं की वळली डावीकडे. खड्डा लिहिला असता तर खड्ड्यात गेली असती."

स्वतः मात्र सातवी वाट पुरी चाललेच नव्हते.

माळाच्या कडेला एक लोखंडी फाटक आहे. तिथवर गेले, पाऊस भुरभुरला, मोजे भिजले, साहेब परत. उरलेली अर्धी वाट जेवणाच्या टेबलावर लिहिली. समोर नकाशा, बाजूला चहा. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतात ते हेच. एक वाकडं झाड घातलं, एक लाकडी फाटक घातलं, आणि तलावाकडे तोंड केलेला एक दगडी बाक घातला.

ताई समोर मटार सोलत होती. तिने विचारलं, "आणि परत कसं यायचं?"

दाजी अडले. मग लिहून टाकलं: 'परतीची वाट बाकावर बसलेल्या गृहस्थांना विचारावी.'

"कुठले गृहस्थ?"

"असतं गं कुणीतरी. बाक म्हटला की म्हातारा आलाच."

छापून झालं. पहिल्याच उन्हाळ्यात पत्रं आली. चार. चारही सातव्या वाटेची.

वाट सुंदर आहे. बाकावर बरं वाटलं. गृहस्थांनी रस्ता नीट सांगितला, त्यांना आमचे आभार कळवा.

दाजी पोट धरधरून हसले. नसलेला बाकही दिसतो म्हणे यांना.

ताईने मात्र चारही पत्रं शेजारी शेजारी मांडून वाचली. प्रत्येकाच्या शेवटी एकच ओळ होती...

गृहस्थ विचारत होते, लिहिणारे कधी येणार?

पुढच्या वर्षी ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलं. ताई म्हणाली, "सातवी वाट करू. तुम्हीच लिहिलंय, सगळ्यात सोपी."

मुद्दाम म्हणाली. खोटं तिच्या डोळ्यांदेखत लिहिलं गेलं होतं. बत्तीस वर्षांच्या संसारात या माणसाने 'माझं चुकलं' म्हटलेलं तिला आठवत नव्हतं. एकदा, फक्त एकदा ते ऐकायचं होतं तिला. त्यासाठी दुखरा गुडघा घेऊन ती मैलभर चालायला तयार होती.

जंगल संपलं. माळ लागला. लोखंडी फाटक आलं.

ताई थांबली. "पुढे वाट आहे ना नक्की?"

आता तरी बोलावं की नाही? पण दाजी पडले दाजी.

"लिहिलंय म्हणजे आहे," म्हणाले, आणि फाटक उघडलं.

वारा थांबला...

ताई म्हणते, मागे माळावर पक्षी ओरडत होते. फाटक मागे मिटलं आणि आवाज बंद झाले. दार लावून घ्यावं तसे.

पुढे वाट होती. पायाखाली बारीक खडी होती.

मग आलं... वाकडं झाड.

दाजींनी पुस्तिका उघडली. स्वतःचंच लिहिलेलं बोट ठेवून वाचायला लागले.

मग लाकडी फाटक.

"अहो, परत फिरू या," ताई म्हणाली. तिला आता काही वदवून घ्यायचं नव्हतं.

"गप चल. कुणीतरी माझं वाचून बांधलंय हे सगळं." नाक अजून वरच.

आणि वळणावर... बाक.

त्यावर एक म्हातारा. हात गुडघ्यांवर, तोंड पाण्याकडे. ताईचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. बुटांवरून गवत वाढलं होतं. आडवंतिडवं नाही, वर्षानुवर्षं कुणी न हललेल्या जागी वाढतं तसं, दाट.

"आलात," म्हातारा म्हणाला.

तो उठला. गवत तुटल्याचा आवाज झाला. मग बाकाकडे हात करून म्हणाला, "बसा. दमला असाल."

दाजींनी पुस्तिका मिटली. ते बसले.

म्हातारा खडीवरून निघून गेला. खडी वाजली नाही.

ताईने मागे वळून पाहिलं. दाजी ताठ बसले होते. हात गुडघ्यांवर, तोंड पाण्याकडे.

"अहो, चला."

"डावीकडे उतरा," दाजी म्हणाले. "पाण्याच्या कडेने जा. दोन फाटकं लागतील, मग रस्ता." परक्या बाईशी बोलावं तसा आवाज. मग तिच्या पायांकडे बघून म्हणाले, "आणि असल्या चपला घालून कशाला येता?"

ताईने हात धरून ओढलं. दगड ओढल्यासारखं झालं. ती रडली, भांडली, शेवटी माणसं आणायला डावीकडे उतरली. दोन फाटकं लागली. मग रस्ता.

वनखात्याची माणसं अंधार पडेपर्यंत शोधत होती. मीही होतो. लोखंडी फाटकापलीकडे गुडघाभर दलदल. झाड नाही, बाक नाही, खडीचा एक दगड नाही. लोक ताईकडे कीव केल्यासारखे बघायला लागले.

पुढच्या गुरुवारी ताई एकटी गेली. हातात पुस्तिका उघडी धरून.

तिला बाक सापडला.

तेव्हापासून दर गुरुवारी जाते. दाजी तिला ओळखत नाहीत. ती परतीची वाट विचारते, कारण तेवढंच ते बोलतात. पाय दुखत असतानाही उभी राहून सगळं ऐकून घेते. आता त्यांच्या बुटांवर गवताची कोवळी पाती आली आहेत. ताई दर वेळी खुडून टाकते.

पत्रं अजून येतात. वाट उत्तम, पण बाकावरचे गृहस्थ फार खवट आहेत, आमच्या चपलांना नावं ठेवली. बाकी कुणाला येत नसेल, पण मला ते वाचून दाजींची आठवण येते. आयुष्यभर ज्यांना मेंढरं म्हटलं, त्यांनाच आता रस्ता सांगत बसलेत. वाईट वाटायला हवं. मला अर्धंच वाटतं.

गेल्या महिन्यात प्रकाशकाने नव्या आवृत्तीची प्रुफं पाठवली. लेखक नाहीत, तर तुम्ही तपासा म्हणाला.

सातव्या वाटेचं पान माझ्यासमोर होतं. मी पेन्सिल घेतली. ती गृहस्थांची शेवटची ओळ खोडली आणि वर लिहिलं: 'बाकावर कुणी नसतं. आल्या वाटेने परतावं.' म्हटलं, सुटतील दाजी. ताईचा माणूस घरी येईल. मीही त्या बाकापर्यंत कधी चाललेलो नाही, ही गोष्ट त्या वेळी माझ्या डोक्यात आली नाही.

पान अजून पाठवलेलं नाही. ताईलाही काही बोललो नव्हतो.

परवा गुरुवारी ताई आली आणि चप्पल न काढताच खुर्चीत बसली. म्हणाली, "आज ते वाटेचं काही बोललेच नाहीत."

"मग?"

"एवढंच विचारलं..."

ती माझ्याकडे बघत राहिली.

"दुरुस्ती करणारे कधी येणार?"

मी रबराने पेन्सिल खोडली आहे. दोनदा खोडली. पान उजेडात धरलं की अक्षरं अजून दिसतात.