ट्रान्सड्यूसर पाण्याबाहेर होता

भीमरत्न माझा मावसभाऊ. निपाणीच्या एका डिप्लोमा कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो. भुताखेताच्या गप्पा निघाल्या की हा चप्पल घालून उठून जाणार. असल्या माणसानं हे सांगितलं, म्हणून मी तुम्हाला सांगतोय. पटवून घ्यायचं की नाही ते तुम्ही बघा. घडलं ते असंच घडलं.

गेल्या वर्षीची दिवाळी नुकतीच झालेली. जागा, सदलग्याजवळचा दूधगंगेचा काठ.

तिथल्या भावकू आप्पांचा फोन आला होता. आप्पा म्हणजे भीमरत्नच्या वडिलांचे जुने दोस्त. नदीत मासे धरायचे. फायबरची छोटी नाव, मागं लहानसं इंजिन.

"भीमा, मासं दावायचं मशीन मागवलंय. फिशफाइंडर का काय म्हंत्यात. मला बसवाय जमंना. तू ये बाबा."

रविवारी दुपारी तो गेला.

काम तसं सोपं. ट्रान्सड्यूसर म्हणजे मुठीएवढी काळी वडी. ती नावेच्या मागच्या फळीला, पाण्यात बुडेल अशी बसवायची. ती खाली आवाज सोडते. तो तळाला आपटून परत येतो. त्यावरून वरच्या स्क्रीनवर खोली दिसते, मासे कमानीसारखे दिसतात.

भीमरत्ननं भोकं पाडली. पाणी मुरू नये म्हणून सिलिकॉन भरलं. ब्रॅकेट आवळलं. इंजिनच्या वायरीपासून लांबून केबल ओढून बॅटरीला जोडली.

आप्पा शेजारी बसून बघत होते.

"आता लई मासे गावतील, आप्पा," भीमरत्न हसून म्हणाला.

"मासं धराय न्हाय आणलं रं."

"मग?"

"मारुतीला हुडकाय आणलंय."

भीमरत्नचा हात थांबला. मारुती म्हणजे आप्पांचा धाकटा भाऊ. मागच्या मोठ्या पुरात म्हशी सोडवायला गेला, तो परत आलाच नाही. त्याचं काहीच सापडलं नाही.

"त्याची बायकू मंगल अजून कुक्कू लावती," आप्पा म्हणाले. "दारात गाडी थांबली की भाईर येती. आता तिच्याकडं बघवत न्हाय. हाडं तर हाडं... पण गावाय पायजेत."

नाही म्हणायला भीमरत्नला तोंड उरलं नाही.

ऊन उतरताना दोघं नावेत बसले. काठावर पाण्याच्या मोटारी घुमत होत्या. लांब उसाच्या ट्रॅक्टरवर गाणी चाललेली. आप्पांनी नाव डोहाकडं घेतली.

मशीन झकास चाललं होतं. स्क्रीनवर तळाची जाड रेघ. मधूनच एखादी कमान. मासा आला, गेला.

मग...

एक रेघ आली. तळापासून थोडी वर. सरळ.

गेली नाही.

नाव पुढं जात होती आणि रेघ तिथंच होती. पाण्यात पडलेलं लाकूड असतं तर मागं पडलं असतं.

म्हणजे खाली जे होतं, ते नावेबरोबर येत होतं.

'इंजिनच्या करंटनं खोटी रेघ येतेय,' भीमरत्न मनाशी म्हणाला. "आप्पा, इंजिन बंद करा."

इंजिन बंद झालं.

आणि तेव्हा त्याला कळलं...

काठावरच्या मोटारीही बंद होत्या. गाणी बंद. बेडूक नाही, पाखरू नाही. नावेला लागणाऱ्या पाण्याचाही आवाज नाही.

"लाईट गेली वाटतं," तो म्हणाला.

आप्पांनी काठाकडं बोट दाखवलं. मळ्यातल्या खांबावरचा दिवा जळत होता.

भीमरत्ननं स्क्रीनकडं बघितलं.

रेघ वर चढत होती.

चार मीटर... तीन... दोन...

त्यानं बटणं दाबली, सेटिंग पार खाली आणलं. रेघ पुसली गेली नाही. शेवटी वाकून त्यानं ट्रान्सड्यूसरच पाण्याबाहेर उचलला. आता स्क्रीनवर काही दिसणं शक्यच नव्हतं.

आकडा आला.

अर्धा मीटर.

आणि नावेच्या तळाला, खालून...

टक.

टक. टक.

बोटं मिटून दार वाजवावं तसं. अगदी त्याच्या पायाखाली.

"मारुत्या?"

आप्पांचा आवाज ओला झाला होता.

"आप्पा, गप बसा! हलू नका!"

नाव एका बाजूला कलली. हळूच. कुणीतरी तिची कड धरून भार टाकावा, तशी. आप्पा त्याच बाजूला वाकले. भीमरत्न ओरडेपर्यंत त्यांनी कोपरापर्यंत हात पाण्यात घातला होता.

"मारुत्या, धर रं. धर माझा हात..."

आप्पा एकदम थांबले.

त्यांचा खांदा पाण्याकडं खेचला गेला.

भीमरत्ननं मागून त्यांच्या कमरेला मिठी मारली आणि पाय फळीला रोवून सगळ्या ताकदीनं ओढलं. दोघं मागं कोसळले. नाव धाडकन सरळ झाली.

त्यानं वायर उपटली, इंजिन चालू केलं आणि काठ गाठला. वाटेत त्यानं मागं वळून बघितलं नाही.

नाव काठाला लागली, तेव्हा मोटारी घुमत होत्या. ट्रॅक्टरवरची गाणी चालू होती. जणू मधे काही थांबलंच नव्हतं.

आप्पा चिखलातच बसले. आपला तळवा बघत.

"मारुती न्हवता," ते म्हणाले.

"मग काय होतं?"

"बाई हुती."

भीमरत्न त्यांच्या शेजारी चिखलात टेकला.

"हातात बांगड्या हुत्या रं. काचंच्या. माझ्या बोटास्नी लागल्या."

दुसऱ्या दिवशी गावातल्या पोरांनी डोहात गळ टाकले, जाळी ओढली. गाळ आणि जलपर्णी. बाकी काही नाही. आसपासच्या गावांत विचारलं. बेपत्ता बाई कुणाच्या ऐकण्यात नव्हती.

भीमरत्ननं ते मशीन लॅबमध्ये आणून तपासलं. केबल, बॅटरी, ट्रान्सड्यूसर, सगळं ठीक. दोष सापडला असता तर त्याला झोप लागली असती.

मशीन परत द्यायला गेला, तेव्हा आप्पांनी ते घेतलं नाही.

"भीमा, एक इचारू? तिनं मला वडाय हात धरला असं तुला वाटतंय न्हवं?"

"व्हय."

"आन् वर काढा म्हणून धरला असंल तर?"

भीमरत्न मशीन तसंच परत घेऊन आला. आप्पांना मागं ओढून तो हात सोडवला तर त्यानंच होता.

आता तो रोज दिवेलागणीला आप्पांना फोन लावतो. काळजी वाटते, म्हणतो.

आप्पा उचलतात. दोन शब्द बोलतात. घरी आहे, म्हणतात.

पण त्यांच्या आवाजामागं नावेला लागणारं पाणी वाजत असतं.