चार वाजून सतरा मिनिटं

२०११च्या ऑक्टोबरात आयर्लंडमधल्या गॉलवेच्या एका वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यानं निवेदिताला पंधरा दिवसांसाठी चीनला धाडलं. नवरा चारुदत्त रजा काढून दोन्ही पोरांसह सोबत गेला. रविवारी दुपारी चौघं शहरातल्या मोठ्या बागेत फिरायला गेले. सहा वर्षांची स्वरांगी आणि चार वर्षांचा प्रसन्न हॉटेलात अडकून कंटाळले होते, एवढंच कारण.

फाटकापासूनच लोक पोरांचे फोटो काढू लागले. न विचारता. कुणी गाल ओढी, कुणी सरळ कडेवर घेई. निवेदिताच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"अगं, कौतुक करतायत."

"विचारायला तोंड नाही का यांना? आणि तुला आडवं यायला काय होतं?"

तळ्यामागे बांबूची राई होती. तिच्या कडेला उघड्या छत्र्या जमिनीवर ओळीनं ठेवलेल्या. प्रत्येकीवर एक कागद: फोटो, उंची, जन्मतारीख. मागं स्टुलावर लग्नाळू मुलांचे आईबाप.

"घ्या, वधूवर सूचक मंडळ!" चारुदत्त हसला.

निवेदिता प्रसन्नला स्वच्छतागृहात नेऊन आली, तर नवरा आणि लेक राईच्या पार आत. तिथं बागेचा गलका पोचत नव्हता. भर दुपारी अंधारून आलेलं. कुजक्या पाल्याचा आणि विझलेल्या उदबत्तीचा वास. एकच काळी छत्री. तिच्यामागं एक म्हातारी, स्वरांगीचा हात धरून.

"छत्रीवरचा तो कागद कसला?"

"स्वरांगीची जन्मतारीख आणि वेळ. खुणेनं मागत होती, दिली लिहून. गंमत गं! पत्रिका बघत असेल."

छत्रीवर स्वरांगीच्या कागदाशेजारी दुसरा कागद होता. सातेक वर्षांच्या मुलाचा पिवळा पडलेला फोटो, खाली दोन तारखा. लिपी कळत नव्हती, आकडे कळत होते. १९७२. १९७९.

निवेदितानं लेकीचा कागद पाहिला. चारुदत्तनं लिहिलेले ४.१० खोडून वर कापऱ्या हातानं लिहिलं होतं, ४.१७.

"ही वेळ... तू सांगितलीस?"

"नाही. चार दहाच ना?"

"चार सतरा! घड्याळ माझ्यासमोर होतं. तू गाडी लावायला गेला होतास. सहा वर्षं चुकीची वेळ मिरवतोयस, आणि परक्या बाईला पोरीची कुंडली वाटतोस? आणि हिला... हिला कुणी सांगितली?"

तिनं कागद ओढून टराटरा फाडला. म्हातारी रागावली नाही. तिनं स्वरांगीचा हात सोडला, एकेक बोट करून, सावकाश.

दुसऱ्या दिवशी तिथल्या कारखान्यात निवेदितानं सहकारी लिनला गाठलं.

"काही गावांत अविवाहित मेलेल्या मुलाचं लग्न लावायचे," लिन खालच्या आवाजात म्हणाली. "पण मेलेल्याच मुलीशी."

"आणि मुलगी जिवंत असली तर?"

"मग... थांबतात. वाट बघतात."

"थांबतात? मी पोलिसांत जाते!"

"कुणाविरुद्ध?"

गॉलवेला परतल्यावर तीन आठवडे काही घडलं नाही. चारुदत्तशी ती कामापुरतंच बोले. एका सकाळी पोरांना शाळेत सोडायला तिनं गाडीचं मागचं दार उघडलं. दोघं आपापल्या खिडकीशी बसलेले. मधल्या रिकाम्या सीटचा पट्टा मात्र घट्ट लावलेला, हवेत किंचित फुगून.

"हा कुणी लावला? सकाळी सकाळी चेष्टा नकोय मला!"

"नॉट मी, मॅमी," प्रसन्न म्हणाला.

स्वरांगीनं मधल्या सीटकडे पाहिलं, आणि तिथं बसलेल्याला जागा व्हावी म्हणून दप्तर आपल्या मांडीवर घेतलं.

"ही कॅन डू इट हिमसेल्फ नाऊ."