एकोणतीस वर्षांचं विमान

एकोडीच्या तलावाच्या पाळीवर त्याने मोटारसायकल थांबवली ती कृष्णरावांचं घर विचारायला. मी मात्र वर पाहत होते. रायपूरहून नागपूरला जाणारं विमान ढगाआडून हळूहळू खाली सरकत होतं.

तोही पाहू लागला. "एवढा आवाज! भंगारच दिसते."

"भंगार कोणाले म्हणता?" मी वळलेच. "नागपूरले येणाऱ्या विमानांत सगळ्यात जुनं आहे ते. एकोणतीस वर्षांचं, माझ्याच वयाचं. पण दर उड्डाणाआधी तपासतो आम्ही त्याले. जुनं झालं म्हणजे भंगार नाही होत!"

"आम्ही म्हणजे...?"

"विमानतळावर इंजिनियर आहो मी."

"बापरे! मंग तर माफी मागावी लागते—" तो हसला, "—विमानाची."

हसताना त्याच्या डाव्या गालावर खळी पडली. मी ती पाहिली, आणि पाहिल्याचा मला रागही आला. कृष्णराव माझेच बाबा, हे सांगितलं नाही. रस्ता तेवढा दाखवला, आणि आडवाटेने पळत मागच्या दारातून घरात शिरले.

साडी नेसून पोह्यांचा ट्रे घेऊन बाहेर आले, तर तो मला पाहून खुर्चीत ताठ झाला.

"पोरगी छब्बीसची," मंगला आत्या सांगत होती. बाबासाहेबांच्या फोटोखाली बसून, पापणी न हलवता.

"छब्बीस म्हणजे जरा जास्तच," मागून येऊन पोचलेले त्याचे मामा, भैय्याजी, म्हणाले. "आमचा अंकुश तिसाचा. पण पोराचं काय... चालते."

माझं डोकं सणकलं. पोराचं चालते? विमानाच्या कागदावर मी एक खोटी तारीख लिहिली तर नोकरी जाईल. इथे माझी तीन वर्षं गायब झाली होती आणि बाबा जमिनीकडे पाहत होते. आणि तो? तो ओठ दाबून हसू गिळत होता!

मी ट्रे ठेवला. "एकोणतीस."

"रुचिता..." आत्या पुटपुटली.

"एकोणतीस पूर्ण! माझी तीन वर्षं काहून खाल्ली, आत्या? त्याच वर्षांत मी परीक्षा पास झाली, नोकरीले लागली. ते नाही देणार मी कोणाले."

भैय्याजी उठले. "चाल अंकुश. खोटं बोलणाऱ्या घरात—"

"बसा मामा. मले मालूम होतं. पाळीवर यांनीच सांगितलं." तो माझ्याकडे वळला. आता हसत नव्हता. "छब्बीसवाली असती तर मी उठलो असतो. मी एकोणतीसवालीसाठी बसून आहो."

माझे कान तापले... तरी मी सोडलं नाही. "मंग तोंड काहून नाही उघडलं? हसत काय होते?"

"कारण—" त्याने मान खाजवली. "मी चौतीसचा आहो."

भैय्याजींनी खाली बसून पोह्यांची बशी जवळ ओढली.

"आणि सानगडीच्या शाळेत गणित शिकवता म्हणे?" मी त्याला विचारलं.

"वजाबाकी मामाची आहे," तो म्हणाला. "माझी तुम्ही... तपासणी करून घ्या."

आत्यावरचा राग तसाच होता. त्याच्यावरचा मात्र हातातून निसटत चालला होता.

"जुन्याची तपासणी एकदा करून भागत नाही, मास्तर. दर उड्डाणाआधी करावी लागते."

"मंग रोजच करा," तो हळूच म्हणाला. "मी कुठं नाही म्हणून राहिलो?"

खळी पुन्हा पडली. मी पाहिली. या वेळी पाहिल्याचा राग आला नाही.