कासवांच्या गाडीचे पाटे

माडवेळ गावाला एका कोड्याने हैराण केलं होतं. गावातली विजेची गाडी माणसांनी भरली की लोण्यासारखी चालायची, पण तिच्यातून आणलेल्या कासवाच्या अंड्यांतून पिल्लं काही बाहेर येत नव्हती. शहाण्यासुरत्यांनी डोकी खाजवली, एकमेकांना दोष दिला, शेवटी गाडीलाच पनवती ठरवून मोकळे झाले.

ही गाडी म्हणजे गोल्फ कार्ट (गोल्फच्या मैदानावर खेळाडूंना फिरवणारी छोटी, उघडी गाडी). सड्यावरचं (गावामागच्या कातळाच्या पठारावरचं) मोठं हॉटेल बंद पडलं तेव्हा गावाने ती घेतली आणि लाडाने तिला गोलपी म्हणायला सुरुवात केली. समुद्र दरवर्षी थोडा थोडा वर सरकत होता. दक्षिणेकडच्या पुळणीवर (वाळूच्या किनाऱ्यावर) भरतीचं पाणी आता थेट कासवांच्या घरट्यांत शिरायचं. म्हणून तिथली अंडी टोपलीत भरून, सडा ओलांडून, गावातल्या कासवघरात आणायची आणि पुन्हा वाळूत पुरायची अशी पद्धत पडली होती. ड्रोन सड्यावरच्या वाऱ्यापुढे टिकत नव्हते आणि टोपली डोक्यावर घेऊन चालायचं तर उतारावर पाय घसरायचा. राहता राहिली गोलपी.

गेल्या हंगामात गोलपीतून आलेल्या एकाही घरट्यातून पिल्लू निघालं नाही. या वर्षीचं पहिलं घरटंही वाया गेलं, तर पुढची अंडी जिथल्या तिथे सोडायची असं गावाच्या बैठकीत ठरलं होतं. जिथल्या तिथे म्हणजे पाण्यात. हे ऐकल्यापासून सहावीतल्या दुर्वाला जेवण गोड लागत नव्हतं. घरटी शोधायचं काम तिच्याकडे होतं. तिच्यासोबत असायची टिटवी, वाळूत उमटलेल्या कासवाच्या खुणा ओळखणारी, सहा पायांची, मांजराएवढी रोबो.

दुर्वाचे आजोबा चंद्रावर धावणाऱ्या गाड्यांची चाकं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेतून निवृत्त होऊन नुकतेच गावी परतले होते. दुर्वाने त्यांना गाठलं.

"आजोबा, गाडी इतकी छान चालते, मग अंडी का मरतात?"

"अंडं घातल्यावर थोड्याच वेळात आतला जीव कवचाला वरच्या बाजूने चिकटतो," आजोबा म्हणाले. "त्यानंतर जोराचा हिसका बसला की तो सुटतो. पण गाडी छान चालते हे कुणी ठरवलं?"

"सगळेच म्हणतात."

"सगळे गाडीत बसून म्हणतात. टोपलीत बसून कुणी बघितलंय का?"

दुर्वाने टिटवीकडे पाहिलं. टिटवीच्या पोटात त्वरणमापक होता (धक्का किती जोराचा बसला ते सांगणारं यंत्र). धक्का सोसण्याजोगा असला तर तिच्या कपाळावर हिरवा दिवा लागायचा, नसला तर लाल.

"मी अंडं नाही," टिटवी म्हणाली. "पण प्रयत्न करीन."

दुसऱ्या दिवशी सकाळी टिटवी टोपलीत बसली आणि टोपली गोलपीच्या मागच्या बाकावर गेली. गाडी निघाली म्हटल्यावर अर्धं गाव चढलं. माडवेळात गाडी रिकामी न्यायची म्हणजे लोकांचा अपमानच. सड्याच्या खडबडीत कातळावरून गाडी डुलत गेली आणि दिवा हिरवाच राहिला.

"बघ गो!" गाडी चालवणारे बाबलकाका खूश झाले. "लोण्यासारखी चलता. माझ्या गोलपीचो दोष नाय."

पुळणीवरून परत निघताना दुर्वा म्हणाली, "काका, आता अगदी अंडी नेताना करता तसंच सगळं करा."

"तसांच?" बाबलकाका मागे वळून ओरडले, "उतरा रे सगळी!"

झटक्यात सगळी माणसं उतरली. कुणी चपला काढल्या, कुणी हात जोडले. गाडी हळूहळू पुढे आणि गाव मुकाट्याने मागे, गणपती नेतात तसं. पहिल्याच दगडावर टोपली ताडकन उडाली. दिवा लाल झाला आणि घाटी (सड्यावरून गावाकडे येणारी उताराची वाट) उतरेपर्यंत लालच राहिला.

"काका, उतरायला का सांगितलंत?" दुर्वाने विचारलं.

"अगो, अंड्यांक धक्को लागू नये म्हणान! इतक्या माणसांची हालचाल, गडबड. टोपली कशी निवांत येवक व्हयी."

आजोबा गाडीखाली वाकून बघत होते. मागच्या चाकांच्या वर पोलादी पाट्यांची चळत होती. हे पाटे म्हणजे स्प्रिंगच, फक्त गुंडाळीऐवजी वाकलेल्या पट्ट्यांची. मूळ पाट्यांवर नवे जाड पाटे चढवलेले होते.

"हे कधी घातले?"

"घरांचे दगडी चिरे गाडीत भरून व्हायाक लागलंव तेव्हा. वजनान मागसून गाडी खाली बसा होती," बाबलकाका म्हणाले.

आजोबांनी बांबूची एक कांब दोन दगडांवर आडवी ठेवली आणि दुर्वाला तिच्यावर नारळ ठेवायला सांगितलं. कांब छान वाकली. मग त्यांनी बऱ्याच कांबी एकत्र बांधल्या आणि पुन्हा तोच नारळ ठेवला. जुडी जागची हलली नाही. मग आजोबा स्वतःच जुडीवर बसले. जुडी करकरली आणि वाकली.

दुर्वाच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. "म्हणजे कडक स्प्रिंगला वाकायला भरपूर वजन लागतं! माणसं असली की पाटे वाकतात. टोपली एकटी असली की वाकतच नाहीत."

"आणि वाकले नाहीत तर?"

"चाक दगडावर चढलं की… पाटा वाकला तर एकटं चाक वर येईल. नाही वाकला तर चाकाबरोबर टोपलीही उडेल."

"शाब्बास. याला म्हणतात स्प्रिंगचा ताठरपणा (स्प्रिंग वाकवायला किती जोर लागतो ते). वजनाला साजेसा असला तरच तो कामाचा."

बाबलकाका कातळावर बसले. "म्हणजे मीच… मीच सगळ्यांका उतरवलंय. दरवेळी."

दुर्वाला त्यांच्याकडे बघवेना. आजोबा त्यांच्याशेजारी जाऊन बसले. "बाबल, गाडीला माया कळत नाही रे. तिला वजन कळतं. ऊठ, पाना घे."

दुपारभर खटपट चालली. जादा पाटे उतरले. संध्याकाळी टिटवी पुन्हा टोपलीत बसली, गाडीत बाबलकाका एकटेच. पहिल्या दगडावर दिवा हिरवा! दुर्वाने टाळी वाजवली, पण टाळी अर्ध्यातच राहिली. दगड मागे पडला तरी गाडीची मागची बाजू वरखाली, वरखाली करत राहिली. तेवढ्यात दुसरा दगड आला, झोका वाढला, आणि दिवा लाल.

"मला मळमळतंय," टिटवी म्हणाली. "मला पोट नाही, तरीही."

"स्प्रिंग धक्का गिळते, पण पचवत नाही," आजोबा हसले. "वाकताना साठवलेली ऊर्जा सरळ होताना परत देते. ती कुणीतरी खाऊन टाकायला हवी. दुर्वा, त्या बादलीत हात घाल. हळू फिरव. आता जोरात."

हळू फिरवलं तेव्हा पाण्याने वाट दिली. जोरात फिरवलं तेव्हा अडवलं.

"शॉकॲब्सॉर्बर, म्हणजे गॅरेजवाल्यांचा शॉकप, हेच करतो. आतल्या दट्ट्याला बारीक भोकांतून तेल ढकलावं लागतं. गाडी जितक्या जोरात झोका घेईल, तितकं तेल तिला अडवतं. याला अवमंदन म्हणतात (झोके हळूहळू थांबवणं)."

गोलपीचे शॉकप तेल गळून कधीच निकामी झाले होते. पाटे कडक असताना कुणाला त्यांची उणीव भासली नव्हती. आजोबांनी आपल्या जुन्या मोटारसायकलचे चांगले शॉकप काढले, बाबलकाकांनी पट्ट्या ठोकून ते बसवले. या वेळी गाडी दगडावरून गेली, एकदा खाली दबली, वर आली आणि थांबली. दिवा सबंध सडाभर हिरवा राहिला.

खाली उतरल्यावर आजोबांनी दुर्वाचा हात शॉकपवर ठेवला. तो कोमट लागत होता.

"झोका गेला कुठे ते कळलं?"

"उष्णता झाला," दुर्वा हळूच म्हणाली. तिला त्या कोमट नळीचा एकदम लळा लागला.

"आणि माझे चिरे?" बाबलकाकांनी विचारलं.

"ते टेम्पोने न्या," टिटवीने निकाल दिला.

दोन दिवसांनी पहाटे टिटवीला पुळणीवर घरटं सापडलं. भरती घरट्याच्या काठाशी आली होती. दुर्वाने एकेक अंडं, वरची बाजू वरच ठेवून, टोपलीत घेतलं. गाव मागून चालत आलं. हात जोडायचं कुणी सोडलं नाही, आणि आता त्याने काही बिघडतही नव्हतं.

मग वाट पाहणं आलं. दुर्वा रोज शाळेआधी कासवघरात डोकावायची. वाळू गप्प असायची. गाव विचारायचं थांबलं, बाबलकाका तिकडे फिरकेनासे झाले.

फाल्गुनातल्या एका सकाळी वाळू मधोमध खचली. मग तिच्यातून नखाएवढं काळं नाक वर आलं. दुर्वा धावतच सुटली आणि बाबलकाकांना हाताला धरून ओढत घेऊन आली. तोवर वाळू उकळल्यासारखी हलत होती आणि पिल्लं एकमेकांच्या पाठीवरून वर चढत होती. काका गुडघ्यांवर बसले. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि त्यांना ते पुसायचंही सुचत नव्हतं.

पिल्लं पाण्यात शिरली तेव्हा दुर्वाने विचारलं, "टिटवी, ही परत कधी येतील?"

"यातल्या माद्या मोठ्या झाल्या की अंडी घालायला याच किनाऱ्याच्या आसपास येतील. तोपर्यंत तू आजोबांच्या प्रयोगशाळेत जाण्याएवढी झालेली असशील."

"मी नाही जाणार," दुर्वा लाटेकडे बघत म्हणाली. "त्या आल्या तर इथे कुणीतरी नको का?"

बाबलकाकांनी शेवटच्या पिल्लामागे उमटलेली बारीक रेघ पाहिली, आणि आपला पाय तिच्यावर पडू नये म्हणून लांबून वळसा घालून ते गाडीकडे गेले.